काउंटर ऑफर : हातातलं सोडायची तयारी आहे का?

दर शनिवारी ओक ट्री रोडला किराणा आणायला जाताना वाटेत एक घर लागतं. पुढे मॅपलचं झाड, बाजूला दोन गाड्यांचं गॅरेज. न्यू जर्सीत अशी घरं हजारो असतील. पण त्या घरासमोरून जाताना बायको खिडकीबाहेर बघते आणि मी रस्त्याकडे बघतो. ते घर आमचं व्हायचं होतं. सात हजार डॉलरसाठी हातचं गेलं. आणि गेलं ते माझ्यामुळे, कारण 'काउंटर ऑफर' या दोन शब्दांचा अर्थ मला माहीत आहे असं मला वाटत होतं.

गोष्ट २०१९ च्या वसंतातली. आठ वर्षं अपार्टमेंटमध्ये काढल्यावर आम्ही घर बघायला लागलो होतो. आमची अट एकच होती, पण अवघड होती. तळमजल्यावर एक बेडरूम आणि अंघोळीची सोय असलेलं बाथरूम हवं. आई-बाबा दरवर्षी पाच-सहा महिन्यांसाठी येतात. आईचे दोन्ही गुडघे गेलेले. इकडच्या घरांत खाली हॉल-किचन आणि झोपायच्या खोल्या सगळ्या वर, असाच प्रकार जास्त. खाली असतं ते 'हाफ बाथ', म्हणजे नुसतं टॉयलेट आणि बेसिन. मागच्या खेपेला नातेवाइकांकडे राहिलो तेव्हा आई जिना बसून बसून उतरली होती. कुणी बघत नाही ना, हे आधी बघून मग उतरली होती. ते मी पाहिलं होतं.

तर हे मॅपलवालं घर आमच्या अटीत बसत होतं. मालकाची मागणी ५,२५,००० डॉलर. आम्ही ४,९५,००० ची ऑफर दिली. दुसऱ्या दिवशी मालकाचं उत्तर आलं : ५,१२,०००, उद्या संध्याकाळी सहापर्यंत कळवा.

मी खूश. बायकोला म्हटलं, "५,१२,००० तर झालेच. आता ५,०५,००० म्हणून बघू. नाही म्हणाला तर ५,१२,००० आहेतच."

आमच्या एजंटबाई पंचवीस वर्षं याच धंद्यात होत्या. त्या फोनवर म्हणाल्या, "मी हे पाठवलं की ५,१२,००० संपले. नीट विचार करा." मला वाटलं, बाईंना कमिशन लवकर हवंय म्हणून घाई करतायत. आपण मंडईत भाव करत वाढलेली माणसं, आपल्याला कोण शिकवणार! मी म्हटलं, पाठवा.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला फोन आला. मालकानं दुसऱ्या एका कुटुंबाची ऑफर स्वीकारली होती. मी लगेच म्हणालो, "अहो, पण सहापर्यंत मुदत होती! आम्हाला ५,१२,००० मान्य आहेत, कळवा त्यांना." त्या शांतपणे म्हणाल्या, "काय मान्य आहे तुम्हाला? ती ऑफर काल तुम्हीच नाकारलीत."

"नाकारली कुठे? मी फक्त कमी करून मागितलं!"

"तेच ते," त्या म्हणाल्या.

या 'तेच ते' चा अर्थ समजून घ्यायला मला पुढचे काही महिने लागले. मी वकील नाही, पण चटका बसल्यावर माणूस वाचतो, विचारतो. जे कळलं ते असं.

समोरचा तुमच्यापुढे एक प्रस्ताव ठेवतो. तुम्ही तो जसाच्या तसा मान्य केलात, तर करार होतो. त्यात काहीही बदलून उत्तर दिलंत, की त्या उत्तरानं एकदम दोन गोष्टी होतात. आधीचा प्रस्ताव नाकारला जातो आणि त्याच्या जागी तुमचा नवा प्रस्ताव येतो. यालाच काउंटर ऑफर म्हणायचं, मराठीत हवं तर प्रतिप्रस्ताव म्हणा. आता हो-नाही म्हणायची पाळी समोरच्याची. तो हो म्हणेल, नाही म्हणेल, किंवा काहीच न बोलता दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे जाईल. आणि जुन्या भावाला तुम्ही नंतर कितीही 'हो' म्हणालात, तरी त्याला फक्त तुमचा आणखी एक नवा प्रस्ताव एवढाच अर्थ उरतो.

कायद्याच्या विद्यार्थ्यांना यासाठी एक जुना इंग्लिश खटला शिकवतात, 'हाइड विरुद्ध रेंच', १८४० चा. रेंचनं आपलं शेत हाइडला १,००० पौंडांना देऊ केलं. हाइडनं ९५० पौंड देतो म्हणून कळवलं. रेंचनं नकार दिला. मग हाइडनं लिहिलं, बरं, १,००० ला घेतो. रेंच विकेना, म्हणून हाइड कोर्टात गेला. कोर्टानं सांगितलं, ९५० म्हणालास तेव्हाच १,००० चा प्रस्ताव संपला. तो आता तुझ्या एकट्याच्या मर्जीनं जिवंत होत नाही. हे वाचताना मला घाम फुटला. पौंडांच्या जागी डॉलर घातले तर ती माझीच गोष्ट होती, आणि तीसुद्धा पावणेदोनशे वर्षांपूर्वी घडून गेलेली!

हे काही फक्त गोऱ्या साहेबाच्या देशातलं नाही. आपल्याकडच्या १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं सातवं कलमही हेच सांगतं, की स्वीकृती पूर्ण आणि बिनशर्त हवी. पुण्यातला फ्लॅट इथे बसून विकणाऱ्या मंडळींनी हे ध्यानात ठेवावं. इंग्लंडमधल्या वाचकांची गोष्ट थोडी वेगळी. तिथे घराची ऑफर मान्य झाली तरी वकिलांमार्फत करारांची अदलाबदल होईपर्यंत दोन्ही बाजू मोकळ्या असतात, त्यामुळे काउंटर न करताही घर हातचं जाऊ शकतं. पण धडा तोच. 'आहेतच' असं काही नसतं.

आणि ती सहा वाजेपर्यंतची मुदत? तिनंही मला फसवलं, म्हणजे मीच फसलो. मला वाटलं, सहापर्यंत भाव आपल्या नावावर राखून ठेवलाय. सर्वसाधारण नियम असा, की ऑफर खुली ठेवण्याबद्दल वेगळा मोबदला देऊन तसं ठरवलं नसेल, तर देणारा ती मुदतीआधीही मागे घेऊ शकतो, फक्त तुम्ही हो म्हणण्याआधी. मुदत म्हणजे ऑफर फार तर केव्हापर्यंत जगेल, एवढंच. माझी तर मी स्वतःच आदल्या दिवशी मारली होती.

त्या रात्री बाबांना फोन केला. आमचं मूळ गाव आटपाडी तालुक्यातलं. आजोबा खरसुंडीच्या जत्रेत खिलार बैल घ्यायला-विकायला जायचे आणि बाबा लहानपणी त्यांच्याबरोबर असायचे. हातांवर रुमाल टाकायचा, खाली बोटं धरून भाव सांगायचा, बघणाऱ्याला काही कळू द्यायचं नाही, हे सगळं बाबांनी पाहिलेलं. मी त्यांना तक्रारीच्या सुरात म्हटलं, "बाबा, इकडं विचित्र नियम आहेत. आपल्याकडं कसं, भाव पाडून मागायचा, नाही पटलं तर उठून चहा प्यायला जायचं, परत आलं की आधीचा भाव असतोच."

बाबा हसले. म्हणाले, "असतोच असं कुणी सांगितलं तुला? आबा चहाला जायचे ते बैलाकडं एक डोळा ठेवून. दुसरं गिऱ्हाईक जवळ आलं की कप तसाच ठेवून पळायचे. एकदा नाही पळाले, तर जोडी दुसऱ्यानं नेली. मग आबा काय पोलिसात गेले? इसार दिल्याशिवाय बैल आपला नसतो, बाळा."

इसार! इकडे घराची ऑफर मान्य झाल्यावर जे 'अर्नेस्ट मनी' भरावं लागतं, तो इसारच की. म्हणजे नियम इकडचे-तिकडचे असं काही नव्हतंच. मंडईत भेंडीचा भाव करताना मी जी सवय लावून घेतली होती, ती भेंडीपुरतीच खरी होती. भेंडीवाल्याकडे माल भरपूर असतो आणि संध्याकाळपर्यंत तो संपवायचा असतो. घर एकच असतं आणि त्याच्यासमोर आणखी चार गिऱ्हाइकं उभी असतात. शिवाय जत्रेत समोरच्याचा चेहरा दिसतो, दुसरा कुणी जवळ येतोय हे दिसतं. इथे एजंट, ईमेल आणि सही यांच्या आड ते काहीच दिसत नाही.

आता माझ्यासारखी चूक तुम्ही करू नये म्हणून काही गोष्टी सांगतो.

पहिली, विचारणं आणि काउंटर करणं यात फरक आहे. यावरही एक जुना खटला आहे, 'स्टीव्हन्सन, जॅक्स अँड कंपनी विरुद्ध मॅक्लीन', १८८० चा, लोखंडाच्या सौद्याचा. टनाला ४० शिलिंग भाव होता. घेणाऱ्यानं तार करून विचारलं, की याच भावात दोन महिन्यांत थोडाथोडा माल पोचवाल का, नाहीतर जास्तीत जास्त किती मुदत द्याल? कोर्ट म्हणालं, ही नुसती चौकशी झाली; यानं मूळ प्रस्ताव मोडत नाही. म्हणजे "५,०५,००० ला देता का? तर घेतो" म्हटलं की नवा प्रस्ताव झाला. पण "तुमची ऑफर आमच्या विचारात आहे. किमतीत किंवा तारखेत थोडी सवलत शक्य आहे का?" असं विचारलं, तर आधीची ऑफर निदान तुमच्याकडून तरी मोडली जात नाही. समोरचा ती मागे घेऊ शकतो, हा धोका राहतोच. नोकरीच्या पगाराचं बोलतानाही हीच भाषा वापरावी. "१,२०,००० दिलेत तरच येईन" आणि "मला ही नोकरी आवडली आहे, मूळ पगारात काही वाढ करता येईल का?" यांत नुसता नम्रपणाचा फरक नाही.

दुसरी, फरकाचा हिशोब महिन्यावर आणून बघा. मी भांडलो ते सात हजारांसाठी. तीस वर्षांच्या कर्जावर तेव्हाच्या साधारण चार टक्के व्याजानं सात हजारांचा हप्ता महिन्याला तेहेतीस-चौतीस डॉलर होतो. बायकोनं हे गणित घर गेल्यानंतर मांडलं आणि एवढंच म्हणाली, "एका वेळच्या पिझ्झाचे पैसे." त्यानंतर काही दिवस आमच्याकडे पिझ्झा आला नाही.

तिसरी, काउंटर फक्त किमतीचाच असतो असं नाही. ताबा कधी, वॉशर-ड्रायर ठेवणार की नेणार, इन्स्पेक्शनमध्ये निघालेली दुरुस्ती कोण करणार, या सगळ्याला पैशांत किंमत असते. कधीकधी मालकाला दोन हजार जास्त मिळण्यापेक्षा मुलांची शाळा संपेपर्यंत राहायला मिळणं महत्त्वाचं असतं. तुम्ही विचारलंच नाही, तर ते तुम्हाला कळणार कसं?

चौथी, तुमचा काउंटर हासुद्धा खराखुरा प्रस्ताव असतो. समोरचा हो म्हणाला तर तुम्ही अडकता. तेव्हा 'बघू तरी काय म्हणतो' म्हणून आकडा टाकू नका. दोन घरांवर एकाच वेळी काउंटर तर मुळीच नको. दोघेही हो म्हणाले तर? न्यू जर्सीत एजंटांनी केलेल्या करारावर सह्या झाल्यावरही कामाचे तीन दिवस वकिलांच्या तपासणीचे असतात आणि त्यात दोन्ही बाजूंना मोडता घालता येतो. पण सगळीकडे अशी सोय नाही, आणि सोय आहे म्हणून शब्द टाकायचा हेही बरं नाही.

काउंटर ऑफरचा आणखी एक प्रकार आपल्या मुलांच्या वाट्याला हमखास येतो. माझा मावसभाऊ डॅलसकडे एच-वन-बीवर आहे. त्याला दुसऱ्या कंपनीची ऑफर आली, ती त्यानं सही करून स्वीकारली आणि इकडे राजीनामा दिला. लगेच मॅनेजरनं त्याला कॉफीला नेलं. पंधरा हजारांची वाढ आणि "तुझी ग्रीन कार्डची फाइलही सुरू करू." रात्री त्याचा फोन. "दादा, काय करू? तीन वर्षं मागतोय ग्रीन कार्डचं, आज स्वतःहून म्हणाले."

मी त्याला म्हटलं, आधी हे बघ की ही ऑफर घ्यायला तुला हातातलं काय सोडावं लागतंय. तू दुसरीकडे सही केलीस. तिथे आता नाही म्हणालास की ते दार बंद, आणि शब्द फिरवणारा म्हणून तुझं नाव लक्षात राहील ते वेगळंच. इथे मात्र तुझ्या हातात अजून कॉफीच्या कपाशिवाय काही नाही. अमेरिकेत बहुतेक नोकऱ्या अशा, की कंपनी केव्हाही कमी करू शकते. आणि एच-वन-बीवर नोकरी गेली तर पुढची सोय करायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. त्यामुळे सगळं लेखी माग. वाढ कोणत्या तारखेपासून, फाइल कोणत्या महिन्यात, वकिलाचा खर्च कोणाचा.

त्यानं मागितलं. दोन दिवसांनी ईमेल आला. पगाराचा आकडा स्पष्ट होता. ग्रीन कार्डबद्दल लिहिलं होतं, 'योग्य वेळी विचार करण्यात येईल.' तीन वर्षं तो हेच तर ऐकत होता. तो नव्या कंपनीत गेला. प्रत्येकानं असंच करावं असं मी म्हणणार नाही. ज्याचा आय-१४० मंजूर झालाय, ज्याची फाइल पुढे गेलीय, त्याचं गणित वेगळं. त्यानं इमिग्रेशनच्या वकिलाला विचारूनच पाऊल उचलावं. पण प्रश्न प्रत्येकानं हाच विचारावा : हे घेताना माझ्या हातून काय सुटतंय, आणि ते गेलं तर मला चालेल का?

आमच्या घराचं पुढे काय झालं ते सांगतो. मॅपलवालं घर गेल्यावर पाच महिने आम्ही शनिवार-रविवार घरं बघत हिंडलो. शेवटी ऑक्टोबरमध्ये एक सापडलं. खाली बेडरूम, खाली बाथरूम. स्टेशन मात्र लांब, माझा जाण्यायेण्याचा वेळ रोज चाळीस मिनिटांनी वाढणार होता. मागणी ५,४०,०००. आम्ही ५,२०,००० म्हणालो. मालक ५,३२,००० वर आला, रविवार संध्याकाळपर्यंत मुदत.

या वेळी आम्ही दोघं जेवणाच्या टेबलाशी बसलो, बाबा व्हिडिओ कॉलवर. माझी जीभ वळवळत होती. ५,२८,००० म्हणावंसं वाटत होतं. बायकोनं विचारलं, "आणि ते नाही म्हणाले तर चालेल?" मी आईकडे बघितलं. ती स्क्रीनच्या कडेला बसून शेंगा सोलत होती, जणू तिचा या बोलण्याशी संबंधच नाही.

नाही, चालणार नव्हतं.

मग आम्ही काउंटर केला नाही. एजंटबाईंना सांगितलं, फक्त विचारा, वॉशर-ड्रायर ठेवतील का, आणि ताबा डिसेंबरऐवजी नोव्हेंबरअखेर देतील का. एजंटबाई म्हणाल्या, "शिकलात तुम्ही." दोन तासांत उत्तर आलं. वॉशर-ड्रायर ठेवतो, नोव्हेंबर जमणार नाही. आम्ही ५,३२,००० ला आहे तसं हो म्हणून सह्या केल्या.

पुढचे वकिलांच्या तपासणीचे तीन दिवस मला झोप लागली नाही. बाबा रोज सकाळी, म्हणजे त्यांच्या संध्याकाळी, फोन करून एकच विचारायचे, "इसार दिला का?" चौथ्या दिवशी दोन्ही वकिलांचं पत्र आलं, चेक गेला. त्या दिवशी फोन मीच केला.

"बाबा, इसार दिला."

"मग झोप आता," ते म्हणाले, आणि पलीकडून आईचा आवाज आला, "त्याला विचारा, बाथरूमला धरायला दांडी आहे का?"

नव्हती. ताबा मिळाल्यावर पहिल्याच शनिवारी बसवली.